नोटिशीतलं कारण

द्वारका, नवी दिल्ली
९ सप्टेंबर २०२४

चि. उन्नतीस,
जय भीम.

विषय : दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाडेकरूकडून रिकामा करून घेण्याबाबत.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र बाजूला ठेवशील अशी शक्यता आहे. म्हणून विषय सगळ्यात वर लिहिला आहे. काम कायद्याचं आहे. तू वकील आहेस, आणि वकिलाने आलेला कागद वाचायचा असतो.

फोन तू उचलत नाहीस, निदान माझा तरी नाही. पत्ता मागच्या महिन्यात मिळाला. कोपर्निकस मार्गावरच्या सदनात अकोल्याचे एक गृहस्थ जेवायला भेटले, त्यांनी दिला. नागपूर कोर्टाच्या मागच्या गल्लीत तुझं ऑफिस आहे, पाटीवर तुझं नाव वर आहे आणि खाली आणखी एक नाव आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

तर फ्लॅटबद्दल. मी तिसऱ्या मजल्यावर, भाडेकरू बरोबर माझ्या पायाखाली. तीन वर्षांपूर्वी तुझ्या आईने तिला ठेवलं. मला नंतर सांगितलं, ती सगळंच मला नंतर सांगत असे. करारनामा अकरा महिन्यांचा होता, तो केव्हाच संपला. पुढे काहीच लिखापढी नाही. बाई राहतेच आहे. मूळची हिंगोलीकडची, वय सत्तावीस-अठ्ठावीस. आधी यूपीएससीची तयारी करायला आली, आता म्हणे मुलांना ऑनलाइन शिकवते.

माझा संशय कशामुळे आहे ते ऐक. भाडं पहिल्या तारखेला सकाळी नऊच्या आत जमा होतं, आणि तीन वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. तेहेतीस वर्षं सरकारी फायली पाहिल्यावर मला एवढं कळतं की ज्याचे कागद इतके चोख, त्याच्या मनात काहीतरी असतं. दुसरं म्हणजे रविवारी सकाळी तिच्या दाराबाहेर चपला असतात. मागच्या रविवारी नऊ जोड होते. नऊ माणसं आत काय करतात? टीव्हीचा आवाज नाही, हसण्याचा नाही. मग जुलैत ती गॅसच्या कनेक्शनसाठी माझं संमतिपत्र मागायला आली. आज गॅस, उद्या विजेचं मीटर, परवा घर. या शहरात अशीच घरं जातात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मधली लहान खोली. तिला बाहेरून पितळी कुलूप आहे. नळ दुरुस्तीच्या निमित्ताने मी आत गेलो तेव्हा विचारलं, ही खोली बंद का? ती म्हणाली, "काका, ती खोली माझ्याकडे नाहीये ना." माझ्याकडे नाही म्हणजे काय? तिच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, मग कुणाकडे आहे? नक्कीच तिने पोटभाडेकरू ठेवला आहे. मी पुढे विचारणार तेवढ्यात तिने चहा ठेवला आणि विषय बदलला.

द्वारका कोर्टात डबास म्हणून एक वकील आहेत, त्यांना भेटलो. नोटिशीचा मसुदा मीच केला. डबास म्हणाले, "सर, आप तो हमारी रोज़ी छीन लोगे." मसुद्यात जागा रिकामी करून मागण्याचं कारण असं दिलं आहे : "मालकाची कन्या उन्नती ही दिल्लीत कायमची राहण्यास येत असून तिच्या निवासासाठी सदर जागेची आवश्यकता आहे."

पुढे लागेल म्हणून या अर्थाचं तुझं प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं आहे. सही करून पाठव. ही केवळ कागदाची बाब आहे. तुला इथे यायची गरज नाही.

दा. तायडे


द्वारका
३ ऑक्टोबर २०२४

चि. उन्नतीस,
जय भीम.

तुझं उत्तर मिळालं. अर्ध्या पानाचं आहे, आणि प्रतिज्ञापत्र कोरंच परत आलं आहे.

सल्ल्याबद्दल आभार. भाडेकरूला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, ती रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची, मुदत संपली की दावा लावायचा. तोपर्यंत कुलूप, वीज, पाणी कशालाही हात लावायचा नाही, घर माझं असलं तरी नाही. करार संपला म्हणून माणसाला कुणी उचलून बाहेर ठेवू शकत नाही, ते काम कोर्टाचं. हे सगळं समजलं. नोटीस परवा गेली.

पण तुझं शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. "खोट्या प्रतिज्ञापत्रावर मी सही करणार नाही, आणि वैभवीला त्रास देऊ नका."

मी माझ्या पत्राची प्रत ठेवलेली असते हे तुला माहीत आहे. ती काढून पुन्हा वाचली. त्यात मी सगळीकडे 'भाडेकरू' आणि 'ती' असंच लिहिलं आहे. वैभवी हे नाव एकदाही नाही. मग तुला ते कुठून कळलं? तिचा तुझा संबंध काय? किती दिवसांपासून आहे? ती तुला इथलं काय काय कळवते? मी किती वाजता उठतो, कुणाशी बोलतो, हे नागपूरला पोचतं का?

याचं उत्तर देशील ही अपेक्षा आहे.

इथे बाकी ठीक. चार दिवस खालच्या मजल्यावर पाण्याची अडचण आहे. माझ्याकडे सुरळीत आहे. काल सकाळी ती बाई पाण्याने भरलेली बादली घेऊन माझ्या दारात उभी. खालच्या बागेच्या नळावरून तीन जिने चढवून आणलेली, अंगावर निम्मी सांडलेली. म्हणाली, "काका, तुमच्याकडेही नसेल ना? तुमचा गुडघा दुखतो, म्हणून आणली." म्हणजे बघ. माझ्याकडे पाणी आहे की नाही हे पाहायला आली होती. मी बादली घेतली आणि दार लावलं.

दीक्षाभूमीला याही वर्षी येणं जमणार नाही. गुडघा.

दा. तायडे


द्वारका
२४ ऑक्टोबर २०२४

उन्नती,
जय भीम.

तू कोर्टात उलटतपासणी कशी घेत असशील, याची कल्पना आली. "तुमच्या घरी पाणी होतं आणि खालच्या घरी नव्हतं. गच्चीवर टाक्या वेगवेगळ्या आहेत. मग खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुणी फिरवला?" आणि त्याखाली नुसते दोन शब्द, "कोटल्याचा नळ."

मी फिरवला.

सोसायटीतला प्रॉपर्टी डीलर म्हणाला होता, "सर जी, नोटिस-वोटिस में दो साल निकल जाएंगे. पानी बंद करो, हफ्ते में खाली." डबासांना विचारलं, तर ते म्हणाले, "मैंने कुछ सुना नहीं." मी त्याचा अर्थ परवानगी असा घेतला. रविवारी सगळे चपलांचे जोड येण्याआधी सहा वाजता गच्चीवर गेलो आणि व्हॉल्व्ह बंद केला. सहाव्या दिवशी उघडला. तुझ्या पत्राची वाट पाहिली नाही, हे माझ्या बाजूने नोंदवून घे. त्या बादलीनंतर मला माझ्या घरातलं पाणी प्यायला जमेना.

कोटल्याची गोष्ट दर चौदा एप्रिलला मीच तुला सांगायचो, तेव्हा तू ती विसरशील अशी आशा मी करायला नको होती. तरी एकदा लिहितो, कारण हल्ली मी ती कुणाला सांगत नाही. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. कोटला मुबारकपूरला एक खोली. मालक भला, भाजी आणली की अर्धी द्यायचा. मग ट्रंकेतून बाबासाहेबांची तसबीर काढली आणि भिंतीवर लावली. दुसऱ्या दिवशी नळ बंद. मालक म्हणाला, "लाइन ख़राब है." लाइन फक्त आमचीच खराब होती. तुझी आई सातव्या महिन्यात होती आणि रस्त्यावरच्या नळावरून घागरी आणत होती. तू पोटात होतीस. आम्ही तिथे सतरा दिवस काढले, मग माझ्या एका सहकाऱ्याने जागा दिली, मग लक्ष्मीबाई नगरचा क्वार्टर मिळाला.

मला माझी लाज वाटते. हे मी फायलीवर लिहिलं असतं तर 'खेद' असा शब्द वापरला असता. पण खेद नाही, लाजच वाटते.

तरी दोन गोष्टी वेगळ्या ठेव. पाणी तोडलं ते चूकच. संशय चूक आहे असं अजून सिद्ध झालेलं नाही. ती पोटभाडेकरूचं उत्तर देत नाही, तू नावाचं देत नाहीस. तुम्ही दोघी गप्प का, असं मी विचारू शकतो ना?

दादाराव


द्वारका
२५ नोव्हेंबर २०२४

उन्नती,
जय भीम.

नावाचा उलगडा झाला, ठीक. आईच्या शेवटच्या आजारात तिला केमोला नेणारी, रात्री फोनवर तुला तिचा आवाज ऐकवणारी ती वैभवी होती. मी त्या वेळी काय करत होतो, असं तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं की मी विम्याच्या फायली लावत होतो. मला तेच येतं.

आईच्या पुण्यानुमोदनाला तू आलीस आणि संध्याकाळच्या विमानाने परत गेलीस. पाहुण्यांत जी मुलगी भिक्खूंना भोजनदान देताना पुढे होती, तिला मी कुणीतरी नात्यातली समजलो होतो. ती खालच्या मजल्यावरची आहे हे मला दोन दिवसांनी कळलं.

पण आता तुझ्या पत्रातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण त्याने मला फार राग आला आहे.

तू लिहितेस, दिल्लीच्या जुन्या भाडे कायद्याचं संरक्षण फक्त साडेतीन हजारांपर्यंतच्या भाड्याला असतं. आपलं भाडं त्याच्या कितीतरी वर आहे. म्हणून तो कायदा इथे लागूच नाही. अशा भाडेकरूला काढायला मालकाला कसलंही कारण द्यावं लागत नाही. करार संपला, नोटीस दिली, बास. "तुम्ही दिलेलं कारण कायद्याला नको आहे. उलट ते खोटं ठरलं तर तुमचीच बाजू कमजोर होईल. दाव्यातून ती ओळ काढा. ती कुणासाठी लिहिली होतीत?"

डबासांना दाखवलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मैडम बिल्कुल सही कह रही हैं. मैंने सोचा, सर ने लिखा है तो कुछ सोच के लिखा होगा." त्यांचं हे बोलणं मला जास्त लागलं.

मी सवयीने लिहिलं. कारण नसलेली फाइल आमच्याकडे हलायची नाही. बदली असो, खुर्ची दुरुस्ती असो, सुट्टी असो, कारणाचा रकाना भरावाच लागायचा. मी तेहेतीस वर्षं तो भरला. दुसऱ्यांची कारणं तपासण्यातच निम्मी नोकरी गेली. तेव्हा त्यात फार अर्थ शोधू नकोस.

दावा दाखल झाला आहे. ती ओळ तशीच आहे. डबास म्हणाले दुरुस्तीचा अर्ज देऊ. मी म्हटलं, राहू द्या.

तिला समन्स गेलं त्या दिवशी ती वर आली. मी दार किलकिलं उघडलं. वाटलं, भांडेल. ती म्हणाली, "काका, ताई खरंच येणारेत? मग मला आधी सांगायचं ना, मी साफ करून ठेवलं असतं." मी विचारलं, काय साफ करून ठेवलं असतं? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवतो आहे. म्हणाली, "अच्छा. तुम्हाला कोर्टात बोलायचंय. चलो, ठीक आहे." आणि गेली.

हे बोलणं मला अजून समजलेलं नाही. तुझ्याशी बोलून ठरवलेलं असेल, तर तसं स्पष्ट लिही.

दादाराव

ता. क. : रविवारच्या चपलांचा शोध लागला. लातूर, वाशीम, यवतमाळकडची मुलं आहेत. ती त्यांना फुकट इतिहास शिकवते. जिन्यात एकाने मला वाकून नमस्कार केला. मी विचारलं, किती जण राहता आत? तो म्हणाला, "राहायला कोण देतंय सर? आम्ही चौघं मुखर्जी नगरला एका खोलीत आहोत. आडनाव ऐकलं की लोक म्हणतात, खोली गेली."


द्वारका
३० जानेवारी २०२५

उन्नती,

आज मी जे लिहिणार आहे, ते तुलाही माहीत नाही, याची मला आता खात्री आहे.

न्यायाधीश बाईंनी पहिल्याच तारखेला आम्हाला मध्यस्थी केंद्रात पाठवलं. काल तिथे बसलो. छोटी खोली, गोल टेबल, भिंतीवर शांततेबद्दल एक पाटी. मध्यस्थ निवृत्त गृहस्थ, माझ्याच वयाचे. एका बाजूला मी आणि डबास, दुसऱ्या बाजूला वैभवी एकटी. तिने वकील केला नव्हता. मला तेव्हाही वाटलं, हा डाव आहे. एकटी मुलगी पाहून सगळे विरघळतात.

मध्यस्थांनी माझा दावा वाचला आणि तिला विचारलं, "बेटा, इनकी बेटी को घर चाहिए. आपको क्या कहना है?"

ती म्हणाली, "सर, दीदी की जगह तो रखी हुई है. मुझे समझ नहीं आ रहा काका केस क्यों कर रहे हैं."

तिने पिशवीतून करारनाम्याची प्रत काढली. तीन वर्षांपूर्वीचा. बाजारातून छापून आणलेला इंग्रजी करार, प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं आणि तारीख. मी पानं ओळखली. तुझ्या आईने ती माझ्यापुढे ठेवली होती, मी पेपर वाचत होतो, तिने बोट ठेवलं तिथे तिथे मी सही केली. माझी सही होती, पण मी वाचलं नव्हतं. अशा हजारो कागदांवर मी केलेली आहे.

मध्यस्थांनी तिसरं पान उलटलं. खाली छापलेल्या मजकुराच्या पुढे हाताने काही लिहिलेलं होतं. ते त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि पान माझ्याकडे सरकवलं. "ये मराठी में है. आपके दस्तख़त हैं बग़ल में. पढ़ के सुनाइए."

तुझ्या आईचं अक्षर होतं. नर्सिंगच्या चार्टवर लिहायची तसं, प्रत्येक अक्षर सुटं. मी मोठ्याने वाचलं. जसंच्या तसं इथे उतरवतो.

"मधली लहान खोली भाड्यात धरलेली नाही. ती आमची मुलगी उन्नती हिच्यासाठी राखलेली आहे. ती रागावून गेली आहे पण येईल. भाडेकरूने खोली आठवड्यातून एकदा झाडावी व बंद ठेवावी. मुलगी येईल तेव्हा चावी तिच्याच हातात द्यावी, इतर कोणाच्याही नाही."

"इतर कोणाच्याही नाही" याच्या शेजारी माझी आद्याक्षरं. दा. ता. आठ ऑगस्ट दोन हजार एकवीस.

मध्यस्थ म्हणाले, "हिंदी में?" वैभवीने सांगितलं. तिने 'ती रागावून गेली आहे पण येईल' हे वाक्य वगळलं. मला वाचवायला वगळलं, हे मला कळलं. मग मीच ते हिंदीत सांगितलं.

तर 'ती खोली माझ्याकडे नाही' म्हणजे हे होतं. ती समजत होती की मला ठाऊक आहे. तुझ्या आईने तिला सांगितलं होतं, साहेबांनी सही केली आहे. सही केलेला माणूस वाचत नाही, हे त्या पोरीला कसं सुचावं? आणि मी पाच महिने त्या कुलपामागे पोटभाडेकरू शोधत होतो. तिने तुलाही कधी सांगितलं नाही, मी कालच विचारलं. म्हणाली, "काकू म्हणाल्या होत्या, तिला बोलवायचं नाही. ती आली तरच चावी."

डबास माझ्या कानात म्हणाले, "सर, अब वो बेटी वाली लाइन हटा दीजिए. बिना उसके भी केस हमारा है. तीन महीने में ख़ाली करवा दूंगा." ते बरोबरच बोलत होते. तूही तेच लिहिलं होतंस. ती ओळ खोडली की मी जिंकतो.

मी म्हटलं, ती ओळ खोडायची नाही. खोडायचं तर बाकीचं सगळं खोडा.

दावा मागे घेण्याचा अर्ज काल दुपारीच दिला. डबासांना वाईट वाटलं. मध्यस्थांनी कारण विचारलं. रिवाजाप्रमाणे तिथेही कारणाचा रकाना होता. मी तो कोरा ठेवला. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा.

परत येताना मेट्रोत वैभवी माझ्याच डब्यात होती. मी तिला म्हटलं, चावी दे, मी नुसतं आत डोकावतो. तिने पिशवी पोटाशी धरली आणि मान हलवली. "सॉरी काका. लिहिलंय ना." मी तिला माझ्या आयुष्यात ज्या काही थोड्या प्रामाणिक कारकुनांचा मान ठेवला, त्यांच्यात धरतो.

नवा करार करायचा आहे. या वेळी प्रत्येक पान मी वाचणार आहे.

दादाराव


द्वारका
२ फेब्रुवारी २०२५

चि. उन्नतीस,
जय भीम.

संदर्भ : तुझे दि. २ मे २०१९ चे पत्र.

हे पत्र माझ्याकडे 'किरकोळ – वैयक्तिक' या फायलीत आहे. आज काढलं. चार पानं. समासात वरच्या बाजूला माझ्या हातचं "पाहिले" आणि खाली आद्याक्षरं, ५ मे. त्याच महिन्यात तुला आईची कागदपत्रं शोधताना ती फाइल सापडली आणि त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस.

आज मी ते पत्र वाचलं. पहिल्यांदाच पूर्ण वाचलं, हे मान्य करतो. त्या वेळी दुसऱ्या पानावर मुलाचं नाव आणि आडनाव आलं आणि मी पुढे गेलो नाही. मला वाटलं, हे लोक तुला आत घेतील आणि मग एखाद्या सकाळी नळ बंद करतील. मला तसंच वाटलं. मी कुणावरही विश्वास ठेवू शकत नाही. हा माझा स्वभाव आहे असं तू समजतेस. थोडा आहे. थोडा कोटल्यातून आणला आहे. पण त्याची शिक्षा मी तुला दिली.

चौथ्या पानावर तू विचारलं होतंस : "बाबा, रजिस्ट्रारच्या ऑफिसात फक्त चार माणसं असतील. ऋग्वेदचे आईवडील येत आहेत. आई येणार आहे. तुम्ही याल का?"

आई एकटी गाडीने गेली. मी तिला स्टेशनवर सोडायलाही गेलो नाही. परत आल्यावर तिने मला डब्यातला एक पेढा दिला, तो मी घेतला, आणि कशाचा आहे हे विचारलं नाही.

तर त्या पत्राला उत्तर देणं राहून गेलं होतं, ते आज देतो. पावणेसहा वर्षं उशीर झाला आहे, त्याबद्दल कसलंही स्पष्टीकरण नाही. उत्तर असं की मी यायला हवं होतं. मी आलो नाही. ऋग्वेदला हे वाचून दाखव. मी त्याचं नाव या पत्रात दोनदा लिहिलं आहे, आधीच्या पाच पत्रांत एकदाही नाही, हेही त्याला सांग. वकील आहे, त्याच्या लक्षात येईल.

मागच्या पत्रात तू विचारलंस, ती ओळ कुणासाठी लिहिली होती. तेव्हा मी तुला सवयीचं सांगितलं. ते खोटं होतं, प्रतिज्ञापत्रापेक्षाही खोटं. सप्टेंबरात मसुदा लिहायला बसलो तेव्हा मला कायद्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण मालकाने घर परत का मागावं याचं एकच कारण मला सुचलं. ते लिहिलं आणि बराच वेळ ते वाक्य वाचत बसलो. छान दिसत होतं.

मग वाटलं, तू कधी आलीसच तर खाली दुसरं कुणी राहत असेल. म्हणून ती बाई मला नको होती. चपला, गॅस, मीटर हे सगळं मी नंतर जमवलं. तुझ्या आईने मात्र माणूसही ठेवला आणि जागाही राखली.

चावी वैभवीकडे आहे. ती मला देत नाही, आणि देऊही नये. तुझ्या हातातच देणार म्हणते. मी विचारलं, तिच्यासोबत नवरा असेल तर? म्हणाली, "काका, त्याबद्दल काही लिहिलेलं नाही." मग मीच करारातलं ते पान पुन्हा वाचलं. खरंच काही लिहिलेलं नाही.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह दर रविवारी मी तपासतो. उघडा आहे.

तू ये. दोघं या. कारण नोटिशीत लिहिलेलं आहे.

बाबा